पोरांच्या खांद्याला झेपेल असं काडतूस

मंडळी, या शनिवारचा विषय जरा आडवळणाचा आहे. बंदुकीची काडतुसं! त्यातही शॉटगनची, म्हणजे छर्ऱ्यांची, आणि त्यातही बारा-चौदा वर्षांच्या पोरापोरींनी हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायला वापरायची. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून स्वप्नील कुसळे ही नावं आठवतात. ही सगळी रायफल-पिस्तुलाची मंडळी. शॉटगनचा खेळ रुजला तो राजस्थान, पंजाब, दिल्लीकडे. बिकानेरच्या करणी सिंहांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, आणि २००४ मध्ये राज्यवर्धन सिंह राठोडने अथेन्सला डबल ट्रॅपचं. मराठी माणसाची शॉटगनशी ओळख म्हणजे कोकणात वानरं-डुकरं हाकलायला भिंतीला टांगलेली बारा बोअर, संपलं.

मग मी या भानगडीत का पडलो? कारण प्रश्न फार साधा आहे: लहान मुलाला पहिल्यांदा कुठलं काडतूस द्यावं? आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला शंभरावर वर्षं लागली. मुख्य म्हणजे, त्यातली बरीच वर्षं हे उत्तर कुणी शोधतच नव्हतं. बंदूक बनवणारे मोठे पुरुष, चालवणारे मोठे पुरुष, नियम करणारे मोठे पुरुष. पोराने बापाची बंदूक उचलायची, धक्का खाऊन मागे धडपडायचं, मोठ्यांनी हसायचं आणि म्हणायचं, "आता झालास तू पुरुष." (असे व्हिडिओ आजही ढिगाने सापडतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.)

आधी खोक्यावर काय लिहिलेलं असतं ते बघू, कारण अख्खा इतिहास त्या चार आकड्यांत दडलाय. अमेरिकन काडतुसांच्या पारंपरिक खोक्यावर असतं: १२ गेज, २¾ ड्रॅम, १⅛ औंस, ८ नंबर. यातला एकही आकडा आपल्या शाळेत शिकवलेल्या मापात नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली तात्पुरती सोय, आणि आता सगळी सिस्टिम तिच्यावर उभी असल्यामुळे कुणाची हात लावायची हिंमत नाही!

गेज किंवा बोअर म्हणजे काय? नळीच्या आतल्या व्यासाएवढी शिशाची गोळी करा. अशा किती गोळ्या मिळून एक पौंड होतात तो आकडा म्हणजे गेज. बारा गोळ्यांचा पौंड झाला तर बारा गेज, वीस गोळ्यांचा झाला तर वीस गेज. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा गेजची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६, अठ्ठावीसची १४. आणि मधेच एक '.४१०' नावाचं घोडं आहे. ते गेज नाहीच, सरळ इंचातला व्यास आहे. इतरांच्या रांगेत बसवायचं म्हटलं तर ते सदुसष्टच्या आसपास जाईल. सुसंगतीची अपेक्षा ठेवू नका.

शेवटचा आकडा छर्ऱ्याचा. आठ नंबरचा छर्रा २.३ मिलिमीटरच्या आसपास, नऊचा दोनच्या किंचित वर. इथेही आकडा वाढला की छर्रा लहान. हे गोल छर्रे आधी सुबकपणे बनतच नव्हते. विल्यम वॉट्स नावाच्या ब्रिस्टॉलच्या प्लंबरने वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडायची युक्ती काढली आणि १७८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो. इतकी सोपी, इतकी सुंदर कल्पना.

पण मला सगळ्यात आवडतो तो ड्रॅम. जुन्या काळी काळी दारू वजनावर, म्हणजे ड्रॅमवर, भरत. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, पावणेदोन ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. सव्वा औंसाच्या आतबाहेर छर्रे आणि तीन ड्रॅम काळी दारू हे बारा बोअरचं नेहमीचं गणित. मग आली धूर न करणारी दारू. शुल्ट्झे नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने १८६४ च्या सुमारास लाकडापासून बनवलेली दारू शॉटगनसाठी आणली, पुढे १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये 'ई. सी.' नावाची दारू आली, आणि हळूहळू काळी दारू मागे पडली. नवी दारू वजनात कितीतरी कमी लागते. मग गिऱ्हाईक गोंधळलं. "तीन ड्रॅमची सवय आहे हो मला, हे काय भलतंच?" कारखान्यांनी शक्कल काढली. खोक्यावर लिहायचं 'ड्रॅम इक्विव्हॅलंट'. म्हणजे आत दारू कितीही असो, एवढ्या ड्रॅम काळ्या दारूने छर्ऱ्यांना जो वेग मिळाला असता तेवढा वेग मिळेल. १⅛ औंस छर्ऱ्यांना तीन ड्रॅम म्हणजे सेकंदाला १२०० फूट, पावणेतीन ड्रॅम म्हणजे ११४५ फूट. काळी दारू जाऊन शतक लोटलं तरी तिचं भूत खोक्यावर राहिलंच.

या बदलात खांद्याचा फायदा झाला, तो मात्र कुणी फारसा बोलून दाखवत नाही. तीन ड्रॅम काळी दारू म्हणजे ५.३ ग्रॅम. आजच्या तबकडीच्या काडतुसात दारू असते एक-सव्वा ग्रॅम. नळीतून पुढे जे जे जातं त्या सगळ्याचा धक्का मागे येतो, आणि दारूही वायू आणि काजळी होऊन पुढेच जाते की! चार ग्रॅम वजन कमी झालं ते थेट खांद्यावरून उतरलं.

आता जरा हे लोक फोडत काय होते ते बघू. आधी जिवंत कबुतरं. लंडनजवळ 'ओल्ड हॅट्स' नावाचा अड्डाच होता. कबुतर जुन्या हॅटखाली ठेवायचं, दोरीने हॅट उलटायची, पक्षी उडाला की बार काढायचा. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली. बेल्जियमचा लेओन द लुंदेन २१ कबुतरं मारून जिंकला. ऑलिंपिकने हा प्रकार पुन्हा केला नाही, ते बरंच झालं. ब्रिटनने १९२१ मध्ये कायदा करून कोंडलेल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडणं बंद केलं. दरम्यान अमेरिकेत पोकळ काचेचे गोळे हवेत फेकून फोडायची टूम निघाली होती. कॅप्टन ॲडम बोगार्डस हा तिचा मोठा मोहरा. १८७७ मध्ये त्याने खरबरीत पृष्ठभागाच्या गोळ्याचं पेटंट घेतलं, कारण गुळगुळीत काचेवरून छर्रे घसरून जात. शेताशेतांत काचांचा खच पडत असणार, कल्पना करा! मग १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने चपटी, फिरत जाणारी मातीची तबकडी काढली. पाण्यावर भाकरी काढतात ना, चपटा दगड टप्पे खात जातो, तसं पोरांना खेळताना बघून त्याला हे सुचलं असं सांगतात. पहिल्या तबकड्या भट्टीत इतक्या कडक भाजल्या जात की छर्रा लागूनही फुटायच्या नाहीत. पुढे माती जाऊन चुनखडी आणि डांबरासारख्या पदार्थाचं मिश्रण आलं. आजची आंतरराष्ट्रीय तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची असते. नाव मात्र अजून 'क्ले पिजन', मातीचं कबूतर. पुन्हा भूत.

या सगळ्यात पोरं कुठे होती? होती, पण तमाशात. बोगार्डस आपल्या मुलांना घेऊन बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळात काम करायचा. बाप आणि त्याची अचूक नेम धरणारी मुलं, असा तो प्रयोग. त्याने खेळ सोडल्यावर १८८५ मध्ये ॲनी ओकली तिथे आली. उंची जेमतेम पाच फूट, आणि लहानपणापासून घरासाठी शिकार करत मोठी झालेली. हिने पुढे उतारवयात नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्टला असंख्य बायकांना बंदूक शिकवली. बारीक चणीच्या माणसालाही हा खेळ येतो, याचा तिच्याइतका मोठा पुरावा नव्हता. तरी बाजारातली बंदूक बनत राहिली ती पावणेसहा फुटी बाप्यासाठीच.

लहान काडतुसांना पहिल्यांदा मान मिळाला तो स्कीटमुळे. याची जन्मकथा मला फार आवडते. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस, त्याचा मुलगा हेन्री आणि विल्यम हार्न्डेन फॉस्टर हे तिघे शिकारीच्या सरावासाठी १९१५ च्या आगेमागे एक खेळ खेळायचे. पंचवीस यार्ड त्रिज्येचं वर्तुळ, त्यावर घड्याळासारखे बारा थांबे, बाराच्या जागी तबकडी फेकणारं यंत्र. प्रत्येक थांब्यावरून दोन बार. झाले चोवीस. पण खोक्यात काडतुसं पंचवीस! मग उरलेलं एक वर्तुळाच्या मध्यभागी उभं राहून उडवायचं. नियमांचा उगम असा असतो बघा. पुढे शेजाऱ्याने बाजूच्या जागेत कोंबड्या पाळल्या आणि तिकडे छर्रे पडायला लागल्यावर पंचाईत झाली. फॉस्टरने दुसरं यंत्र सहाच्या जागी बसवलं आणि वर्तुळ अर्धं कापलं. आजचं स्कीटचं मैदान अर्धवर्तुळाचं आहे ते त्या कोंबड्यांमुळे. १९२६ मध्ये खेळाच्या नावासाठी शंभर डॉलर बक्षिसाची स्पर्धा झाली आणि मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबटने सुचवलेलं 'स्कीट' हे नाव निवडलं गेलं.

तर स्कीटमध्ये तबकडी जवळ असते, वीसेक यार्डांवर. तिथे हत्तीच्या मापाचं काडतूस लागत नाही. म्हणून अमेरिकन स्कीटमध्ये चार गट पडले: बारा गेजला १⅛ औंस, वीसला ⅞, अठ्ठावीसला ¾, आणि .४१० ला फक्त अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम. कमी छर्ऱ्यांत तबकडी फुटते, हे मोठमोठ्या खेळाडूंनी जाहीरपणे सिद्ध केलं. तोवर 'जास्त म्हणजे चांगलं' हाच धर्म होता.

आता गणित. (घाबरू नका, अकरावीचं आहे.) संवेगाची अक्षय्यता: पुढे जाणाऱ्या वस्तूंचा संवेग जेवढा, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. पुढे काय जातं? छर्रे, वॅड म्हणजे छर्रे धरणारी प्लॅस्टिकची वाटी, आणि जळलेली दारू. बंदूक साडेतीन किलोची धरू, वॅड अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६६ मीटर, म्हणजे तेच १२०० फूट. जळलेल्या दारूचा वेग छर्ऱ्यांच्या दीडपट धरला. मग ३२ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसाला धक्क्याची ऊर्जा येते सुमारे २५ ज्यूल. तेवढ्याच वेगाच्या २४ ग्रॅमला येते १५. छर्रे कमी झाले पंचवीस टक्के, धक्का कमी झाला चाळीस! कारण ऊर्जा संवेगाच्या वर्गावर जाते. आणखी खाली, २१ ग्रॅम आणि ३५० मीटर वेग घेतला, तर अकराच्या आसपास. २५ ज्यूल म्हणजे अडीच किलोची वस्तू एक मीटरवरून खाली पडण्याइतकी ऊर्जा. एकदा ठीक आहे. पण एका फेरीला पंचवीस बार, आणि सरावाच्या दिवशी चार फेऱ्या. पस्तीस किलोच्या मुलीच्या खांद्यावर शंभर वेळा.

वेगाचीही हीच गोष्ट. २४ ग्रॅमच ठेवून वेग ३६६ वरून ४०० मीटर केला की १५ चे १८ होतात. दुकानात 'हाय व्हेलॉसिटी' असं ठसठशीत छापलेलं खोकं बापलोकांना फार भावतं. वाढलेल्या वेगाने तबकडीपुढे धरायचं अंतर किंचित कमी होतं, हे खरं. नवशिक्या मुलाची चूक मात्र इंचांत नसते, फुटांत असते. तिथे हा फायदा कुठेच जाणवत नाही. जाणवतो तो फक्त खांद्याला.

आता यातली खरी गंमत. दुकानात गेलात की सांगतात, "मुलासाठी ना? मग वीस गेज घ्या, लहान असतं." आपल्यालाही पटतं. लहान मूल, लहान बंदूक. पण मुलांची वीस गेजची बंदूक असते २.७ किलोची. तिच्यात ⅞ औंसाचं, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या जवळपासचं, १२०० फुटी काडतूस घातलं की धक्का येतो सुमारे २० ज्यूल. आणि ३.६ किलोच्या बारा गेजमध्ये २४ ग्रॅमचं त्याच वेगाचं काडतूस घातलं तर १५ पेक्षाही कमी. म्हणजे 'लहान' बंदूक 'मोठी'पेक्षा जोरात लाथ मारते! नळीच्या व्यासाचा धक्क्याशी थेट संबंध नाहीच. संबंध आहे तो किती वजन किती वेगाने पुढे गेलं आणि बंदूक किती जड आहे, याच्याशी. विल्यम ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्याच्या नावाने एक ठोकताळा चालतो: बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट जड हवी. २४ ग्रॅमला २.३ किलो, ३२ ला तीन किलोच्या वर. हा ठोकताळा दिवसभरात थोडे बार काढणाऱ्या शिकाऱ्यासाठी. शंभर तबकड्यांसाठी मी तरी तो किमान मर्यादा म्हणूनच धरीन.

"मग जड बारा गेजच द्या की सगळ्या पोरांना!" इतकं सरळ नाही. साडेतीन किलोची बंदूक अकरा वर्षांचं पोर उचलेल, पण पाचव्या बारानंतर हात भरून येतील, ते मागे झुकून पोट पुढे काढून उभं राहील, आणि तशा उभं राहण्यात हलका धक्कासुद्धा तोल घालवतो. म्हणून वय, ताकद आणि दस्त्याची लांबी बघितल्याशिवाय काडतुसाची निवड करता येत नाही. मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता मुलाच्या काखेकडे सरकतो, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि मग काडतूस कितीही हलकं असलं तरी गालफडावर चापट बसते. दस्ता कापून त्याला रबराची गादी लावून घेणं हा शंभर खोक्यांपेक्षा मोठा उपाय.

.४१० चं काय? धक्का जवळजवळ नाहीच, म्हणून कित्येक आजोबा नातवाला पहिली बंदूक म्हणून तीच देतात. जमिनीवर ठेवलेला डबा फोडायला उत्तम. उडत्या तबकडीला मात्र ती तज्ज्ञांची बंदूक आहे. १४ ग्रॅममध्ये नऊ नंबरचे छर्रे साधारण २९० मावतात. पोर दहा चुकवतं, वीस चुकवतं, मग म्हणतं, "मला नाही जमत." खांदा वाचला आणि हौस मेली.

इथे छर्ऱ्यांच्या नंबराची युक्ती कामाला येते. साडेसात नंबरचे छर्रे औंसाला साधारण ३५० बसतात, नऊचे ५८५. म्हणजे १⅛ औंसाच्या दणकट काडतुसात साडेसातचे झाले ३९४. आणि २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसात नऊचे? ४९५! धक्का चाळीस टक्के कमी, आणि तबकडीवर जाणारे छर्रे शंभरने जास्त. लांबवर नऊचा छर्रा लवकर दम टाकतो, हे खरंच. पण पहिल्या वर्षी मुलाला लांबची तबकडी द्यायचीच कशाला?

तरी बाप ऐकत नाहीत. "चोवीस ग्रॅमने काय होणार?" त्यांना उत्तर ऑलिंपिकने दिलंय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३२ ग्रॅम चालायचे. मग मर्यादा २८ वर आली, आणि नव्वदच्या दशकात २४ वर. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने पळणाऱ्या तबकड्यांवर, २४ ग्रॅम पुरतात. गावच्या क्लबात सावकाश जाणाऱ्या तबकडीला तुमच्या लेकाला ३२ हवेत? मोठ्यांच्या खेळासाठी केलेल्या या नियमामुळे कारखाने चांगल्या प्रतीची, एकसारखी २४ ग्रॅमची काडतुसं मोठ्या संख्येने बनवायला लागले, आणि मुलांसाठी योग्य काडतूस आयतंच तयार झालं. ब्रिटनमध्ये तर त्याच्याही खाली, २१ ग्रॅमची बारा बोअर मिळतात.

ताकदीचा आणि या खेळाचा संबंध किती कमी आहे याचा आणखी एक दाखला द्यायलाच हवा. १९९२ चं बार्सिलोना. स्कीट तेव्हा स्त्री-पुरुषांना एकत्र होतं. चीनच्या झांग शानने पहिल्या २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या, आणि अंतिम फेरी धरून २२३ गुणांसह सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढे काय झालं? १९९६ च्या अटलांटात स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं! ऑलिंपिक विजेतीला आपलं पदक राखायला मैदानात उतरताच आलं नाही. स्त्रियांचं स्कीट २००० मध्ये आलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्याच अटलांटात डबल ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं किम रोडने. वय, नुकतीच सतरा पूर्ण. तिने पुढे सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदकं मिळवली. व्हिन्सेंट हॅन्कॉक २००५ मध्ये सोळाव्या वर्षी स्कीटचा विश्वविजेता झाला. ही मुलं दहा-बारा वर्षांची असताना कुणीतरी त्यांच्या हातात योग्य बंदूक आणि योग्य खोकं दिलं असणार, एवढं नक्की.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळकरी मुलांची तबकडी लीग सुरू झाली. तीन संघ, तीस मुलं. ती बघता बघता इतर राज्यांत पसरली, हजारो मुलं-मुली आल्या, आणि तेव्हा कुठे काडतूस कंपन्यांना कळलं की हेही गिऱ्हाईक आहे. मग खोक्यांवर 'लाइट', 'एक्स्ट्रा लाइट', 'लो रिकॉइल', 'ट्रेनिंग' अशी नावं दिसायला लागली. पण नावांवर भरवसा ठेवू नका हं! 'लाइट' लिहिलेल्या खोक्यातसुद्धा १⅛ औंस छर्रे असू शकतात, फक्त वेग थोडा कमी. नाव बाजूला ठेवून दोनच आकडे बघायचे: छर्ऱ्यांचं वजन आणि वेग. ⅞ औंस किंवा २४ ग्रॅम, १२०० फुटांच्या आतबाहेर. यापेक्षा कमी मिळालं तर उत्तमच.

एवढा खटाटोप कशासाठी? निळं पडलेलं कातडं आठवड्यात बरं होतं. बरी होत नाही ती दचकण्याची सवय. धक्क्याची वाट बघून डोळे आधीच मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. प्रशिक्षक हे ओळखायला एक जुनी युक्ती करतात. मुलाच्या नकळत बंदुकीत खोटं काडतूस सरकवतात. चाप ओढला जातो, बार होत नाही, आणि नळी मात्र हातभर खाली डुबकी मारते. ते बघून पोरालाच धक्का बसतो. अमेरिकन ट्रॅपमध्ये हजारो बार काढून दचकायला लागलेले जुने खेळाडू शेवटी 'रिलीज ट्रिगर' बसवून घेतात, म्हणजे चाप ओढल्यावर काही होत नाही, सोडल्यावर बार होतो. मेंदूला फसवायचा उद्योग! बाराव्या वर्षी ही सवय लागली तर ते पोर रिलीज ट्रिगरपर्यंत पोचतच नाही, त्याआधीच फुटबॉल खेळायला जातं. आवाजाचाही यात मोठा वाटा आहे. कान नीट झाकले नाहीत तर तोच धक्का मोठा वाटतो. कानात बोंडं आणि वरून कानटोप, दोन्ही घालायचं.

ज्यांना अर्धस्वयंचलित बंदूक परवडते त्यांना आणखी एक वाट आहे. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० पासून वायूवर चालणाऱ्या बंदुका लोकप्रिय झाल्या. दारूचा थोडा वायू यंत्रणा मागे ढकलायला वापरला जातो आणि धक्का जरा लांबट होतो. एकूण संवेग तोच, पण ठोसा लागण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. गोची एकच: फार हलक्या काडतुसाने काही बंदुकांची यंत्रणा पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं टरफल अडकतं. म्हणून आधी पंचवीस काडतुसांचं एक खोकं आणून ते त्याच बंदुकीत चालतं का बघायचं, आणि मगच पेटी घ्यायची.

आणि एक गोष्ट, जिच्यापुढे धक्का-बिक्का सगळं किरकोळ आहे. वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या नळीत टाकलं तर ते पडत नाही, पुढे सरकून नळीत अडकून बसतं. बघणाऱ्याला खोली रिकामी दिसते. मग त्यामागे बाराचं घालून बार काढला की नळी फुटते, आणि तिथेच डावा हात असतो. म्हणून १९६० च्या दशकापासून वीस गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा प्रघात पडला. घरात ताईची वीस आणि दादाची बारा असेल तर दोघांच्या काडतुसांच्या पिशव्या वेगळ्या, आणि एकाच खिशात दोन्ही कधीच नाहीत. रंगावर विसंबून राहणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की संध्याकाळच्या उजेडात पिवळं आणि फिकट सोनेरी सारखंच दिसतं.

मैदानावरून आल्यावर मुलांनी खाण्याआधी साबणाने हात धुवायचे, आणि ते कपडे वेगळे धुवायला टाकायचे. छर्रे अजून बहुतेक शिशाचेच असतात, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. काही मैदानांवर शिसं चालत नाही, तिथे पोलादी छर्रे लागतात. पोलाद हलकं, त्यामुळे त्याच आकाराचा छर्रा लवकर मंदावतो. मग एक-दोन नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो आणि कंपन्या वेगही वाढवतात. तेव्हा पोलादाचं खोकं घेताना वेगाचा आकडा पुन्हा एकदा वाचा. तो १३०० च्या पुढे असेल तर दुकानदाराला म्हणा, दुसरं दाखवा.